लंगडणारा बोका आणि मणका बसवणारे

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत बंड्या नावाचा बोका आहे. वय दीडेक वर्ष, नसबंदी लहानपणीच झालेली, अंगाने चांगलाच गोलमटोल. तो कुठून पडला नव्हता, कुणाशी भांडलाही नव्हता. तरी मागचा उजवा पाय उचलून चालायला लागला आणि कपाटावर चढायचं त्याने सोडून दिलं. मुरगळला असेल, असं घरात ठरलं. बंड्याच्या बाईंना स्वतःच्या कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टिकचा गुण आला होता. माणसाच्या पाठीला जे जमतं ते मांजराच्या पाठीला का नाही जमणार, हा त्यांचा हिशेब. ओळखीतून प्राण्यांचेही मणके बसवणारा एकजण घाटकोपरहून घरी आला.

त्याने बोक्याच्या पाठीवरून बोटं फिरवली, "कंबरेचा मणका सरकलाय, ताई," म्हणाला आणि दोन-तीन झटके दिले. बंड्या हातातून निसटला तो थेट दिवाणाखाली. चारही पायांवर पळाला हे सगळ्यांनी पाहिलं आणि पैसे वसूल झाले असं मानलं.

पण घाबरलेलं मांजर दुखऱ्या पायावरही पळतं. मांजर शिकार करतं तसं मोठ्या प्राण्यांची शिकारही होतं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगातच असतं. पुढे बंड्याने पाय टेकायचंच सोडलं, मांडी हाताला बारीक लागू लागली, तेव्हा बाई त्याला पशुवैद्याकडे घेऊन गेल्या. एक्स-रेमध्ये मणके जागच्या जागी होते. तुटलं होतं ते खुब्यात, मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यापाशी.

हाडाची लांबी वाढते ती टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. लवकर नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये ही पट्टी उशिरा पक्की होते. त्यात वजन जास्त असलं तर काही इजा न होताही गोळा तिथून निसटतो, कधीकधी दोन्ही बाजूंचा. म्हणून नसबंदी टाळायची नाही, ताटली मात्र आटोक्यात ठेवायची. बंड्याचा तो गोळा शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागला. हाडाशिवाय पाय चालेल कसा, ही बाईंची शंका रास्तच होती. पण भोवतीचे स्नायू आणि तंतू तिथे नवा आधार तयार करतात, आणि मांजर वजनाला हलकं असल्यामुळे ते त्यावर उड्यासुद्धा मारतं. गंमत म्हणजे टाके सुकल्यावर सर्जनने हातांनीच करायचा उपचार सांगितला: खुबा हळूहळू मागे-पुढे हलवायचा, पाय वापरता ठेवायचा. फरक एवढाच, की आता आत काय आहे ते ठाऊक होतं.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म 1895 सालचा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावचा. डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबून त्याची ऐकण्याची शक्ती परत आणल्याचा दावा केला. तिथून ही पद्धत कंबर-मानेच्या दुखण्यांकडे वळली, पुढे घोड्या-कुत्र्यांपर्यंतही पोचली. लंगडणाऱ्या मांजरांना तिचा उपयोग होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा मात्र नाही. ब्रिटनमध्येही प्राण्यावर असा उपचार करायचा तर आधी पशुवैद्याने प्राणी तपासलेला असावा लागतो. आपल्याकडे 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. नोंदणीकृत पशुवैद्यालाच प्राण्यांवर उपचाराची मुभा आहे. किरकोळ सेवांची सवलत राज्य सरकार प्रशिक्षितांना देऊ शकतं, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. तेव्हा घरी आलेल्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? खरा पशुवैद्य रागावत नाही.

लंगडण्याची कारणं इतकी वेगवेगळी असतात, की बोटांनी चाचपून निदान करणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं नवल वाटतं. रस्त्यावरच्या बोक्याने घेतलेला चावा वरून दिसत नाही, आत पू साठतो आणि ताप येतो. वाढलेलं नख वळून तळव्याच्या गादीत रुततं. बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासणारा एक अमेरिकी अभ्यास 2002 साली आला. त्यातल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झीज होती.

आणि पिल्लं. प्रेमापोटी नुसत्या उकडलेल्या चिकनवर किंवा काटे काढलेल्या मासळीवर वाढवलेलं पिल्लू दिसायला गुबगुबीत असतं, पण अशा मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. मग शरीर ते कॅल्शियम हाडांतून ओढून घेतं आणि हाडं कागदासारखी पातळ होतात. अशा पिल्लाच्या पाठीवर कुणी झटका दिला तर मणकाच मोडू शकतो. त्याला हवा असतो समतोल आहार आणि पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती.

एका लक्षणाला मात्र सकाळची वाट पाहू नये. मांजर अचानक ओरडतं, मागचे पाय ओढत सरपटतं, पाय गार पडतात, तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात. हृदयविकारातून सुटलेली रक्ताची गुठळी मागच्या पायांच्या धमनीत अडकली की असं होतं. त्या वेळी मालिशही करू नये. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आधीच शोधून ठेवलेलं बरं. उपनगरातल्या दवाखान्यातून पुढे पाठवलंच तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 1883 पासून आहे, आणि महालक्ष्मीला 2024 साली टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. मुलुंड-घाटकोपरकरांनी हेही ध्यानात ठेवावं, की रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, टॅक्सीच बोलवावी.

घरातली गोळी तर अजिबात नको. तापावरची साधी पॅरासिटामॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही. 500 मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेनही तितकंच घातक. पायाला चोळलेला बामही नको, कारण मांजर तो चाटून पोटात घेतं.

दवाखान्यात गेल्यावर एक पंचाईत ठरलेली असते: घरभर लंगडणारं मांजर टेबलावर आकसून बसतं, पाऊल म्हणून टाकत नाही. म्हणून घरातल्या फरशीवर ते चालताना बाजूने आणि मागून मोबाइलवर चित्रण करून न्यावं, कोणत्या उड्या बंद झाल्या तेही सांगावं. प्रवासाची टोपली आदल्या दिवसापासून उघडी ठेवून त्यात त्याचं नेहमीचं फडकं घालावं. एक्स-रेसाठी भूल द्यावी लागणार असेल तर किती तास उपाशी ठेवायचं, हे निघण्यापूर्वी फोनवरच विचारून घ्यावं.