हात हलवणारा सोनेरी बेडूक

कम्युनिकेशनच्या पेपरसाठी आपण सगळेच घोकतो की नॉइज फार असेल तर सिग्नल पाठवायची पद्धत बदला. पनामा देशातल्या एका बेडकाला हे कुठल्याही कॉलेजात न जाता जमलंय!

पनामातलं एल व्हाये दे आंतोन हे गाव एका शांत ज्वालामुखीच्या मुखातच वसलेलं आहे. आसपासच्या डोंगरी, दमट जंगलात ओढ्यांच्या काठाने हा बेडूक राहायचा. पिवळाधमक रंग, त्यावर काळे ठिपके, लांबी जेमतेम ४ ते ६ सें.मी. शास्त्रीय नाव अटेलोपस झेटेकी. ओढ्याच्या खळखळाटात आवाज पोचणार कसा? त्यातून याला बाहेरून दिसणारा कानही नाही. म्हणून हा पठ्ठ्या पुढचा पाय उचलून चक्क हात हलवतो!

त्याचा रंग हासुद्धा एक सिग्नलच, "मला खाऊ नका" असा. कारण कातडीत झेटेकीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. मज्जातंतूंमधून संदेश पुढे जातो तो सोडियमचे आयन पेशीत शिरल्यामुळे. हे विष नेमकं तेच दार बंद करतं, म्हणजे वायरच कापल्यासारखं.

पण कायट्रिड नावाच्या बुरशीला रंग दिसत नाही आणि या विषाने ती अडलीही नाही. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतात. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवरच्या २००९ च्या संशोधनात दिसलं, की ही बुरशी कातडीतली सोडियम-पोटॅशियमची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. मला याचंच फार वाईट वाटलं. ज्या सोडियमच्या जोरावर याचं शस्त्र चालतं, घाव त्यावरच!

२००६ मध्ये साथ जवळ आल्यावर गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत बेडकांना ठेवलं गेलं. बेडकांचं हॉस्टेलच म्हणा ना! २००९ च्या सुमारास रानातला सोनेरी बेडूक दिसेनासा झाला. पनामात आणि अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत मात्र त्याची पैदास चालू आहे. २०१० पासून पनामात १४ ऑगस्ट हा त्याचा राष्ट्रीय दिवस आहे.

ही बुरशी आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ती पाण्यातून, ओल्या चिखलातून पसरते आणि पूर्ण वाळली की मरते. म्हणून ट्रेकच्या ग्रुपला मी एवढंच सांगेन : एका ओढ्यावरून दुसरीकडे जाण्याआधी बूट घासून धुवा आणि उन्हात कडक वाळवा.