घोणशीचे विष

पीक तयार झाले की शेतात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर घोणस येते. त्यामुळे कापणी करणाऱ्या मजुरांना या सापाचा दंश होण्याचा धोका मोठा असतो. भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये घोणशीचा वाटा मोठा आहे.

जाड शरीर, त्रिकोणी डोके आणि पाठीवर साखळीसारखे दिसणारे गडद लंबगोल ठिपके ही घोणशीची ओळख होय. डिवचली गेल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. नाग अंडी घालतो. घोणस मात्र पिलांना जन्म देते. ही पिले जन्मतःच विषारी असतात. घोणशीचे विषदंत लांब व पोकळ असतात. तोंड मिटलेले असताना ते टाळूलगत दुमडलेले राहतात आणि दंश करताना पुढे उभे होतात.

नागाचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते, तर घोणशीचे मुख्यतः रक्तावर. जखम झाल्यावर रक्त गोठते, म्हणून रक्तस्राव थांबतो. घोणशीचे विष गोठण्याची ही क्रिया शरीरभर विनाकारण सुरू करते. परिणामी रक्त गोठवणारी द्रव्ये संपून जातात आणि पुढे रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाऊ लागते. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

हे ओळखण्यासाठी रुग्णालयात एक साधी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. त्यानंतरही ते पातळ राहिले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविष देतात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयोगी पडते. ते घोड्यांच्या रक्तापासून तयार केले जाते.

दंशाची जागा ब्लेडने कापू नये, असे डॉक्टर का सांगतात, हे यावरून स्पष्ट होते. ज्याचे रक्त गोठत नाही, त्याची ती जखम वाहतच राहते. दोरीने घट्ट आवळल्यानेही त्या अवयवाची हानी होते. मंत्रतंत्रात वेळ दवडणे तर जिवावर बेतते. रुग्णाला धीर द्यावा, त्याच्या अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला हात वा पाय हलू देऊ नये आणि त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

पाठगत प्रश्न
१. घोणशीच्या विषामुळे रक्त गोठणे का थांबते?
२. दंशाची जागा कापणे धोक्याचे का असते?