पाकशाला आणि व्यायामशाला : पथ्यसल्ल्याचे दोन उपेक्षित विभाग

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सेत निदानपरिवर्जनाला पहिले स्थान आहे. असे असूनही दैनंदिन व्यवसायात औषधाच्या चिठ्ठीवर सात-आठ ओळी लिहिल्यावर पथ्यासाठी उरते ती एकच ओळ : ‘तेलकट, आंबट, शिळे वर्ज्य, व्यायाम करणे.’ रुग्ण मान डोलावून घरी जातो. घरी काय शिजवावे हे तो दूरदर्शन वाहिन्या व मोबाइलवरून ठरवतो. व्यायाम कोणता करावा हे गल्लीतील व्यायामशाळेचा प्रशिक्षक ठरवतो आणि बहुधा सोबत एक डबाही देतो. म्हणजे आहार व विहार हे पथ्याचे दोन्ही पाय आपल्या हातून सुटलेले असतात, आणि औषधाला यश आले नाही की दोष मात्र शास्त्राला लागतो.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील व्यावसायिक वैद्य आणि औषधविक्रेते यांना नजरेसमोर ठेवून या दोन विभागांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ग्रंथोक्त सिद्धांत आपणांस परिचित आहेतच. येथे भर आहे तो त्यांच्या विनियोगावर.

श्रम आणि व्यायाम यांतील भेद

आपल्या भागातील नोकरदार रुग्णाचा दिनक्रम साधारण ठरलेला असतो. पहाटे पाचच्या सुमारास उठणे, सहा-साडेसहाला डबा भरणे, सातच्या आसपासची लोकल, एक वाजता गार डबा, सायंकाळी फलाटावर वडापाव व चहा, घरी परतताना आठ-नऊ आणि जेवण दहाच्या पुढे. व्यायामाविषयी विचारल्यास उत्तर मिळते, ‘वैद्यराज, गाडीत तासभर उभे राहतो, पूल चढतो-उतरतो, आणखी कसला व्यायाम?’

या प्रश्नाचे उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ७व्या अध्यायात आहे. शरीराला इष्ट असलेली, स्थैर्य व बल देणारी आणि मात्रेत केलेली चेष्टा तो व्यायाम. गर्दीत एका अंगावर लोंबकळत केलेला प्रवास ही शरीरचेष्टा खरी. पण ती इष्ट नाही आणि तिची मात्राही आपल्या हाती नाही. तो श्रम होय. श्रमाने वातप्रकोप होतो. व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य व अग्निदीप्ती प्राप्त होते. हा भेद रुग्णास समजावून दिल्याशिवाय व्यायामाचा सल्ला त्याच्या गळी उतरत नाही.

घरचा स्वयंपाक : आठ आयतनांचा व्यवहार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. ‘काय खाऊ?’ हा रुग्णाचा प्रश्न केवळ प्रकृतीपुरता, म्हणजे द्रव्याच्या स्वभावापुरता असतो. वैद्याने उरलेल्या सातांकडे त्याचे लक्ष वेधावयाचे असते. त्यांपैकी तीन आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहेत.

१) करण (संस्कार) : पावसाळ्याच्या तोंडाशी मुरबाड व शहापूर भागातील आदिवासी भगिनी कल्याण-ठाण्याच्या बाजारात शेवळे आणतात. हे सुरणाच्या कुळातील कंद. त्याचा कोंब नुसता शिजवून खाल्ला तर घसा खाजतो, सुजतोही. त्यामुळे त्यांच्यासोबतच काकडाची आंबट फळे विकावयास असतात. ती न मिळाल्यास चिंच वा आमसूल घालतात. ज्यांनी संहिता कधी पाहिली नाही त्या गृहिणींना करण व संयोग यांचे मर्म परंपरेने ठाऊक आहे.

हेच तत्त्व रोजच्या पदार्थांना लावावे. कडवे वाल गुरू व विष्टंभी. परंतु भिजवून, मोड आणून, सोलून, ओवा-हिंगाच्या फोडणीत शिजवलेली डाळिंब्यांची उसळ बऱ्याच अंशी सुसह्य होते. तांदूळ भाजून केलेली पेज व भात लघु होतो. दह्याचे घुसळून, लोणी काढून केलेले ताक दह्याहून अगदी निराळे द्रव्य ठरते. म्हणून ‘वाल बंद, भात बंद, दही बंद’ अशी निषेधाची यादी देण्याऐवजी संस्कार सांगावा. निषेधाची यादी घरात पाळली जात नाही, कृती मात्र पाळली जाते, कारण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस त्यात काहीतरी करावयाचे असते.

तळणाच्या तेलाबाबत वेगळी सूचना आवश्यक आहे. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल अन्नव्यवसायात वापरू नये, असा दंडक अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. घरी मोजमाप शक्य नाही. म्हणून एकदा तळणास वापरलेले तेल पुन्हा तळणास नको, लवकरच भाजीच्या फोडणीत संपवावे, एवढे सांगितले तरी पुरते.

२) राशी : भाकरी तीन की दोन, यापेक्षा कुक्षीचे तीन भाग कल्पून एक मूर्त आहारास, एक द्रवास व एक दोषांच्या संचारास मोकळा ठेवणे हा विमानस्थानातील निर्देश रुग्णास चटकन समजतो. परिमाणच हवे असल्यास राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीयांसाठीच्या आहार मार्गदर्शिकेचा आधार घ्यावा. मिठाची दैनिक मर्यादा ५ ग्रॅम आहे. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतील मीठही त्यातच धरावे लागते, ही गोष्ट रक्तदाबाच्या रुग्णास आवर्जून सांगावी.

३) काल : रात्री दहानंतरचे पूर्ण जेवण आणि लगेच निद्रा हे आपल्या परिसरातील अम्लपित्त, स्थौल्य व प्रमेह यांचे एक मोठे कारण आहे. ‘सूर्यास्तापूर्वी जेवा’ हा उपदेश साडेआठच्या गाडीने उतरणाऱ्यास निरुपयोगी. त्याऐवजी आहाराची विभागणी बदलावी. डब्यासोबत एका लहान डबीत मूठभर फुटाणे व थोडे शेंगदाणे द्यावेत आणि ते सायंकाळी कार्यालय सोडण्यापूर्वी खावेत. फलाटावरील वडापाव आपोआप टळतो, घरी पोचल्यावर क्षुधा आटोक्यात राहते आणि रात्रीचे जेवण मुगाची खिचडी, पेज किंवा एक भाकरी व पालेभाजी एवढ्यावर भागते. खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासात होते, ही गोष्टही कमी महत्त्वाची नाही. थकलेल्या गृहिणीस न झेपणारे पथ्य हे पथ्यच नव्हे.

उपयोगसंस्थेविषयी एकच सूचना : जेवताना मोबाइल दूर. तन्मनाने भोजन करण्याचा नियम आज पूर्वीपेक्षा अधिक लागू आहे.

प्रथिनांचा हिशेब

व्यायामशाळेत जाणारा प्रत्येक तरुण आज प्रथिनांविषयी विचारतो. त्यास आकड्यांतच उत्तर द्यावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनास दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. आता घरच्या शाकाहारी ताटाचा स्थूल हिशेब पाहा : कणीक १२० ग्रॅम (प्रथिने १३), तांदूळ ६० ग्रॅम (साडेचार), तूरडाळ वा मूगडाळ ५० ग्रॅम (११), मटकी ३० ग्रॅम (७), दूध-ताक मिळून ३०० मिलिलिटर दुधाइतके (साडेनऊ), शेंगदाणे २० ग्रॅम (५). बेरीज ५० ग्रॅम. धान्य, डाळ व कडधान्य यांचे वजन कच्चे धरले आहे.

जड वजने उचलणाऱ्याची गरज याहून अधिक असते. ती अंडी, मासळी, पनीर किंवा एक वाटी अधिक उसळ यांतून बहुतांशी भागते. मात्र दोन पोळ्या व बटाट्याची भाजी एवढाच डबा नेणाऱ्याचा हिशेब ३० ग्रॅमच्या आसपासच राहतो, हेही खरे. तेव्हा डबा दुरुस्त करणे हा पहिला उपाय. २०२४च्या मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात असाच सल्ला आहे.

कच्ची अंडी दुधात फेटून पिण्याची प्रथाही थांबवावी. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने कच्च्यापेक्षा अधिक पचतात आणि जंतुसंसर्गाचा धोका टळतो. अग्निसंस्काराचे महत्त्व येथे आधुनिक परीक्षणानेही सिद्ध होते.

व्यायामाची मात्रा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४व्या अध्यायात बलार्धाची मर्यादा सांगितली आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुख कोरडे पडणे ही अर्ध्या बलाची परंपरेने मानलेली लक्षणे होत. रुग्णास सोप्या शब्दांत सांगावे की बोलता येते पण गाता येत नाही, तेथवर जावे. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम शीत व वसंत ऋतूंसाठी सांगून अन्य काळी तो मंद करण्यास सांगितले आहे. ठाणे जिल्ह्यातील मे महिन्याचा दमटपणा अनुभवलेल्यास त्याचे कारण विचारावे लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या निर्देशानुसार प्रौढाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व किमान दोन दिवस स्नायुबलवर्धक व्यायाम करावा. यासाठी प्रत्येकास प्रशिक्षकाची गरज नाही. ठाण्याची तलावपाळी, कचराळी तलाव, उपवन, कल्याणचा काळा तलाव, डोंबिवलीतील सावळाराम महाराज क्रीडासंकुल येथे चालणे आणि घरी सूर्यनमस्कार यांनी अनेकांचे काम भागते. वजने उचलण्यास नव्याने आरंभ करणारे, चाळिशी ओलांडलेले, प्रमेही, उच्च रक्तदाबाचे, प्रसूतीनंतरचे किंवा संधिविकाराचे रुग्ण यांना मात्र मार्गदर्शक हवा.

मार्गदर्शक कसा पारखावा?

आपल्या व्यवसायास नोंदणी परिषद आहे. व्यायाम-प्रशिक्षकास तशी वैधानिक नोंदणी आपल्याकडे सक्तीची नाही. त्यामुळे पारख ग्राहकावर, पर्यायाने त्याच्या वैद्यावर येते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९व्या अध्यायात वैद्याचे जे चार गुण सांगितले, तेच येथे निकष म्हणून वापरावेत.

१) श्रुत (शास्त्रज्ञान) : क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे, किंवा अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन अशा संस्थांचे प्रमाणपत्र आहे काय? या दोन अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावी लागतात. तेव्हा भिंतीवरील चौकटीत तारीख पाहावी. हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण घेतले आहे काय, हेही विचारावे.

२) दृष्टकर्मता (अनुभव) : स्वतःचे दंड दाखवणे हा अनुभव नव्हे. आपल्या रुग्णासारख्या वयाच्या व व्याधीच्या किती जणांना त्याने शिकवले, हे विचारावे.

३) दाक्ष्य : पहिल्या दिवशी तो काय करतो यावरून हे कळते. व्याधी, औषधे, जुनी दुखापत, झोप यांची विचारपूस, रक्तदाबाची चौकशी, लिखित नोंद, हळूहळू वाढता क्रम ही लक्षणे उत्तम. सर्वांना एकच तक्ता आणि पहिल्याच दिवशी शंभर बैठका ही लक्षणे वर्ज्य.

४) शौच : येथे शरीर व उपकरणांच्या स्वच्छतेसोबत व्यवहाराची शुचिताही अभिप्रेत धरावी. जो मार्गदर्शक स्वतःच डबे विकतो, औषध बंद करावयास सांगतो, ‘महिन्यात पंधरा किलो’ असे वचन देतो वा इंजेक्शन सुचवतो, त्याचा त्याग करावा. वर्षाची रक्कम आगाऊ भरण्यापूर्वी एक महिना अनुभव घ्यावा.

वैद्याने मार्गदर्शकास चार ओळींचे पत्र द्यावे. त्यात निदान, चालू औषधे, टाळावयाच्या हालचाली व थांबण्याची लक्षणे असावीत. इन्शुलीन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या प्रमेहीस व्यायामात साखर उतरण्याचा धोका असतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे ठोके मोजून मात्रा ठरवणे फसते. ही माहिती मार्गदर्शकास अन्यथा मिळणार नाही.

अतिव्यायामाची तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, ज्वर, छर्दी ही उपद्रवमालिका आपणांस ज्ञात आहेच. तिच्या जोडीस एक लक्षण ध्यानी ठेवावे. प्रखर व्यायामानंतर स्नायूंत असह्य वेदना व सूज आणि मूत्र गडद तपकिरी होणे. हा स्नायुपेशींचा विघटनजन्य विकार असून त्यात वृक्क निकामी होऊ शकतात. अशा रुग्णास काढा देत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये येतात, चिठ्ठीविना ती देणे हा गुन्हा आहे. मेफेन्टरमाइन हे रक्तदाब वाढवणारे इंजेक्शन व्यायामासाठी वापरले जात असल्याची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात पोलीस व अन्न-औषध प्रशासनाच्या कारवायांतून उघड झाली आहेत. परिचित ग्राहक वा ओळखीचा प्रशिक्षक मागतो, हे कारण चालणार नाही.

प्रथिनांच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी व मुदत पाहूनच माल ठेवावा. विकताना वृक्कविकार, प्रमेह व वय यांविषयी दोन प्रश्न विचारावेत. वजनवाढीच्या ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या, नाव-परवाना नसलेल्या पुड्या व कॅप्सूल कदापि ठेवू नयेत. अशा मालात स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे, आणि तिचा कलंक थेट आपल्या शास्त्रास लागतो. अश्वगंधा असो वा शतावरी, नोंदणीकृत औषधनिर्मात्याचीच द्यावी व शक्यतो वैद्याच्या चिठ्ठीवर.

समारोप

पुढील रुग्णापासून चिठ्ठीच्या मागील कोऱ्या बाजूवर तीन गोष्टी लिहिण्याचा प्रघात ठेवावा : रात्रीच्या एका पदार्थाची कृती, सायंकाळच्या डबीत काय असावे, आणि व्यायाम कोणता, किती मिनिटे व कोठे थांबावे. मार्गदर्शक नेमावयाचा असल्यास चार निकष तोंडी सांगावेत. यास पाच मिनिटे अधिक लागतात. पण पथ्याचा सल्ला आपण दिला नाही, तर तो देण्यास दुसरे कोणीतरी बसलेलेच आहे, आणि त्याच्या हाती बहुधा विकावयाचा डबा असतो.