महावीर चक्र : दर्जा न पाहणारा सन्मान

सांगली जिल्ह्यातील मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे यांना १९७१ च्या युद्धातील बलिदानाबद्दल महावीर चक्र मरणोत्तर लाभले. त्यांचा धडा शिकवताना आम्ही या पदकाचा नियमही वाचून दाखवतो. संविधान अमलात आले, त्याच २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक स्थापन झाले. सर्व दर्जांचे सैनिक, परिचारिका व सैन्याच्या आदेशाखाली सेवा करणारे नागरिक त्यास पात्र आहेत. शेजारच्या साताऱ्यात मात्र १९०० साली शाळेत दाखल झालेल्या बाल भीमरावांना, सुभेदारांचे पुत्र असूनही, वर्गात वेगळे बसावे लागले. रणांगणावर मान्य झालेली समता आपल्या वर्गातील बाकांवरही नांदते काय, हे आम्हा शिक्षकांनी नित्य तपासले पाहिजे.