मारक पांडुरोग : रक्ततपासणीचा अर्थ

मारक पांडुरोगात, म्हणजेच ‘पर्निशस ॲनिमिया’त, ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यास आवश्यक असा ‘आंतरिक घटक’ जठरात पुरेसा तयार होत नाही. हिमोग्लोबिन घटते, तांबड्या पेशी मात्र आकाराने वाढतात. त्यांचे सरासरी आकारमान बहुधा १०० फेम्टोलिटरच्या वर जाते. जोडीला लोहाची उणीव असल्यास, आणि आपल्याकडे ती विरळा नाही, हा आकडा सर्वसाधारण दिसून फसगत होते. केवळ फॉलिक आम्ल दिल्यास हिमोग्लोबिन सुधारते, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर हिमोग्लोबिनवर विसंबू नये. ब-१२ ची पातळी व आंतरिक घटकाविरुद्धची प्रतिपिंडे वैद्यकीय सल्ल्याने तपासून घ्यावीत. प्रतिपिंडे आढळली नाहीत, तरी रोग नाही असे ठरत नाही.