झोपलेला संगणक

(एखादी वस्तू बिघडली की आपण लगेच कोणाला तरी दोष देतो. दोष देण्याआधी बिघाडाचे कारण कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात घडलेली ही गोष्ट आहे.

नववीतील एक मुलगी शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहीत होती. लेख तिच्या नानीवर होता. मालेगावात यंत्रमागाच्या कांड्या भरून नानीने घर कसे चालवले, हे ती लिहीत होती. कागदावर कच्चा मजकूर न लिहिता ती थेट संगणकावर टाइप करत होती. दोन पाने झाली. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा वाजली. लेख जतन न करताच ती डबा खायला गेली.

परत आली तेव्हा पडदा काळा होता. तिने एक कळ दाबली. पडदा उजळला, पण बाण जागचा हलेना. कोपऱ्यातील घड्याळही पुढे सरकेना.

मुले गोळा झाली. "हिनेच काहीतरी दाबले!" एक जण म्हणाला.

"हिने संगणक बिघडवला!" दुसऱ्याने री ओढली.

"सर, मी फक्त एकच कळ दाबली," ती रडवेली होऊन म्हणाली.

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही मुलांचे म्हणणे पटले. मी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहिली. तिचा छोटा दिवा लागला नाही. म्हणजे केवळ पडदा अडकला नव्हता, सगळा संगणकच थांबला होता. पाच मिनिटे वाट पाहिली. शेवटी चालू-बंद करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले. संगणक बंद झाला आणि नानीचा लेख गेला. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी संगणक-कक्षात येईनाशी झाली.

मुलांनो, संगणक झोपतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक फळ्यासारखी, दुसरी वहीसारखी. चालू काम फळ्यावर, म्हणजे 'रॅम'मध्ये असते. जतन केलेले काम वहीत, म्हणजे डिस्कवर जाते. वहीतले लेखन वीज गेली तरी राहते. रॅममधले मात्र विजेवाचून पुसले जाते. रॅममधील माहिती टिकण्यासाठी ती साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदात सुमारे १५ वेळा, ताजी करावी लागते.

संगणक काही वेळ वापरला नाही की तो निद्रावस्थेत, म्हणजे 'स्लीप मोड'मध्ये जातो. त्या वेळी पडदा, डिस्क आणि प्रोसेसर बंद होतात. रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते. म्हणून जागे झाल्यावर आपले काम होते तसे समोर येते. झोपेच्या अशा अवस्थांसाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'ए.सी.पी.आय.' नावाचे नियम प्रसिद्ध केले. आताच्या काही लॅपटॉपमध्ये झोपेची पद्धत थोडी वेगळी असते.

मग जागे होताना संगणक अडकतो का? समजा, पहाटेच्या एस.टी.ने सगळ्या घराला गावाला जायचे आहे. अम्मी सर्वांना उठवते. सगळे तयार होतात, पण एक भाऊ उठतच नाही. मग सगळे दारात खोळंबून राहतात. संगणकातही तसेच होते. प्रत्येक भागाला कामाला लावणारा एक लहान प्रोग्रॅम असतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. जागे होताना प्रत्येक ड्रायव्हरने आपला भाग पुन्हा तयार करायचा असतो. एकाने जरी ते काम नीट केले नाही, तरी सगळा संगणक अडकू शकतो.

आता कारण शोधायचे होते. मी एक वही घेतली आणि दोन नियम ठरवले. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक वेळी नोंद करायची.

प्रथम पेनड्राइव्ह व प्रिंटर काढून पाहिले. संगणक तरीही अडकला. मग संगणक जागा ठेवून फक्त पडदा बंद-चालू केला. तेव्हा तो अडकला नाही. म्हणजे दोष झोपेतून उठण्यातच होता. संगणकाच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील नोंद वाचली. 'मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता', एवढेच तिथे होते. तो बिघाडाचा परिणाम होता, कारण नव्हे.

कक्षात त्याच बनावटीचा दुसरा एक संगणक होता. ती मुलगी त्यावर कधीच बसली नव्हती. दोन्ही संगणकांना मी १०-१० वेळा झोपवले आणि उठवले. पहिला ४ वेळा अडकला, दुसरा ३ वेळा. वहीतील हे दोन आकडे पाहून मला माझी लाज वाटली. मुलीवरचा आळ खोटा होता.

नंतर पहिल्या संगणकात पडद्याच्या चित्रांचा, म्हणजे ग्राफिक्सचा, नवा ड्रायव्हर घातला. तो संगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतला होता. दुसऱ्या संगणकाला हात लावला नाही. पुन्हा १०-१० वेळा पाहिले. पहिला एकदाही अडकला नाही. दुसरा २ वेळा अडकला. दहा वेळा पुरेसे नाहीत, असे वाटून पहिल्याला आणखी २० वेळा उठवले. तो प्रत्येक वेळी नीट जागा झाला. मग दुसऱ्यातही नवा ड्रायव्हर घातला.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला बोलावले आणि ती वही सर्वांना वाचून दाखवली. "बेटा, चूक तुझी नव्हती. न तपासता शंका घेतली, ही चूक माझी होती," मी म्हणालो. वर्ग शांत झाला. री ओढणारा मुलगा उठला आणि त्याने तिची माफी मागितली.

"पण सर, लेख तर गेला," ती म्हणाली.

ते खरे होते. गेलेला लेख परत आला नाही. तिने नानीला पुन्हा विचारून तो नव्याने लिहिला. या वेळी दर परिच्छेदानंतर ती कंट्रोल आणि एस या कळा दाबत होती. अंक निघाला तेव्हा लेख त्यात होता. संगणक-कक्षाची नोंदवही आता तिच्याच हातात असते.

शब्दार्थ

जतन करणे – सेव्ह करणे, महफूज करणे
री ओढणे – दुसऱ्याचे म्हणणेच पुन्हा म्हणणे
खोळंबणे – अडकून वाट पाहत राहणे
नोंद – इंदराज
आळ – खोटा इल्जाम
बनावट – (येथे) घडण, मॉडेल

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीचा लेख कोणाविषयी होता?
(आ) निद्रावस्थेत कोणत्या भागाला वीज मिळत राहते?
(इ) कॅप्स लॉकचा दिवा न लागल्यामुळे काय समजले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बटण दाबून धरल्यावर मुलीचा लेख गेला.
(आ) सरांनी दुसऱ्या संगणकाला लगेच नवा ड्रायव्हर घातला नाही.

प्र. ३. 'री ओढणे' व 'आळ घेणे' या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : घरातील एखादी वस्तू नीट चालत नसेल, तर ती केव्हा अडते व केव्हा चालते, याची आठ दिवस नोंद ठेवा. विजेच्या वस्तूला मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका.