प्रेरणा दलालांची, विक्री स्वतःच्या चित्रांची

प्रश्न : दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवरून मी चित्रं काढायला शिकले. आता प्रदर्शनात स्टॉल लावून चित्रं विकायची आहेत. त्यांच्या शैलीतली चित्रं विकणं गैर आहे का?

उत्तर : मुळीच नाही. शैलीवर कॉपीराइट नसतो, विशिष्ट चित्रावर असतो. दलालांची ठसठशीत रेषा, सपाट उजळ रंग मनसोक्त आत्मसात करा. मात्र ‘दीपावली’ या त्यांच्या अंकाच्या एखाद्या मुखपृष्ठाची नक्कल परवानगीशिवाय विकू नका. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. दलाल 1971मध्ये गेले, म्हणजे 2031 संपेपर्यंत.

त्याहून महत्त्वाचं, विषय तुमचे घ्या. दलालांची नायिका पुन्हा काढण्यापेक्षा तुमच्या गल्लीतली फुलवाली काढा. गिऱ्हाईक तिच्यापाशीच थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

मूळ चित्र महाग ठेवा. चांगल्या जाड, आम्लरहित कागदावर मोजक्या प्रती छापून प्रत्येकीवर सही आणि ‘3/25’ असा क्रमांक घाला. पंचवीस म्हटल्यावर सव्विसावी छापायची नाही. किमतीत कागद, छपाई, स्टॉलचं भाडं आणि तुमचे तासही धरा. ओळखीच्यांनाही फुकट देऊ नका.